रंगाची घट

कोरियन चमच्याला खोली फार नसते. पसरट, गोलसर तोंड आणि लांब, सपाट दांडा. सोबतीला चॉपस्टिकची जोडी, तीही धातूची. ही हौस जुनी आहे. कोरियातला राजा मुर्योंग इ. स. ५२३ मध्ये वारला; १९७१ साली गोंगजूला त्याची समाधी सापडली, तेव्हा तिच्यात कांस्याचे चमचे आणि चॉपस्टिक होत्या.

मला मोह पडतो तो गेल्या शतकातल्या चांदीच्या जोडांचा. लग्नात नवराबायकोला द्यायचे दोन संच, दांड्याच्या टोकाशी मीनाकारी: सारस, कासव, नाहीतर सुख आणि दीर्घायुष्य मागणारी चिनी अक्षरं. काचेची रंगीत पूड चांदीवर बसवून सातशे-आठशे अंशांच्या भट्टीत वितळवायची. शुद्ध चांदी ९६१ अंशांना वितळते, म्हणजे कारागिराच्या हाती सवड थोडीच. कोबाल्टचा निळा पारदर्शक असला की खालची चांदी त्यातून उजळते. पारदर्शक लाल मात्र नखरेल. चांदीवर तो कित्येकदा तपकिरीकडे झुकतो. म्हणून स्वच्छ लाल दिसला की मी दांडा दोनदा उलटून पाहतो.

चांदी विष ओळखते, असं कोरियन दरबारात मानत. सोमलात गंधक राहिलं असेल तर ती काळवंडते हे खरं, पण उकडलेल्या अंड्यानेही काळवंडते! अन्न आधी चाखून पाहणाऱ्या स्त्रिया राजवाड्यात होत्याच.

हल्ली या जोडांना खरा धोका तराजूचा. कोरियन सराफाचं माप ३.७५ ग्रॅमचं, तशी तीन मापं म्हणजे आपला जवळजवळ तोळा. चांदी महागली की जुने जोड मोडीत निघतात, आणि मोडीच्या हिशेबात मीना म्हणजे निव्वळ घट. ज्या निळ्यासाठी कुणी भट्टीपाशी डोळे शिणवले, त्याचं वजन वजा करून पैसे मोजायचे! हिशेब चोख आहे, मान्य; पण मला तो सोसत नाही. म्हणून पेटीतला अस्पर्श संच मी इतरांना सोडतो आणि टवका उडालेला, जेवून झिजलेला जोड घेतो. मोडीत आधी जातो तो तोच.

तुमच्या हाती असा जोड आला, तर त्याला चिंच-लिंबू लावू नका. आंबटाने मीन्याची झळाळी जाते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरतं. आणि त्याने जेवा.