अहवालातील एक शब्द

बारामतीजवळच्या आमच्या कन्हेरीचे नाव तुम्ही निवडणुकीच्या दिवसांत ऐकले असेल. येथील मारुतीपुढे नारळ वाढवून प्रचाराला आरंभ करण्याची प्रथा अनेक वर्षे चालत आली आहे. मला मात्र या दैवताचे नाव वेगळ्या कारणाने आठवते. हनू म्हणजे जबडा. इंद्राच्या वज्राचा आघात त्या हाडावर झाला आणि त्यावरून हनुमान हे नाव पडले, अशी कथा आहे. खालच्या जबड्याला शरीररचनेच्या पुस्तकांत अधोहनू म्हणतात. स्कॅनच्या अहवालात तोच ‘मँडिबल’ होऊन येतो. कानातली चिमुकली हाडे सोडली, तर कवटी आणि चेहरा मिळून 22 हाडे. त्यांत सांध्यातून हालणारे हे एकटेच.

असाच एक अहवाल घेऊन एका सकाळी एक सूनबाई माझ्या दवाखान्यात आल्या. सासऱ्यांचे वय 78. गोठ्यात पाय घसरून ते गव्हाणीच्या कडेवर डाव्या गालाने आपटले होते. हृदयविकारासाठी ते रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असल्याने मीच त्यांना सी. टी. स्कॅनसाठी पाठवले होते.

“डॉक्टर, यातले एकही अक्षर कळत नाही. आबांचे काय काय मोडले आहे?”

मी एकेक शब्द उलगडून सांगितला. झायगोमा म्हणजे गंडास्थी, गालाचा उंचवटा. त्याला बारीक भेग होती, पण हाड सरकलेले नव्हते. फ्रंटल म्हणजे कपाळाचे हाड. पॅरायटल म्हणजे माथ्याच्या दोन बाजू. तान्ह्या बाळाची टाळू आपण तेल घालून भरतो, तिच्या मागची हाडे. ऑक्सिपिटल म्हणजे उशीला टेकतो तो मागचा भाग. टेम्पोरल म्हणजे कानशिलाचे हाड, आपल्या परंपरेतील शंखास्थी. सुश्रुतांनी शंख हे मर्म तत्काळ प्राण घेणाऱ्या मर्मांत गणले आहे, आणि ते उगाच नव्हे. तिथे कवटी पातळ असते आणि तिच्या आतल्या अंगाला लागूनच एक रोहिणी जाते. आबांची ही सारी हाडे शाबूत होती. मेंदूत रक्तस्रावही नव्हता.

“आणि हे अॅट्रॉफी?” त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

“काही नाही ताई, वयाप्रमाणे मेंदू थोडा आकसतो. सर्वांचाच आकसतो.”

मी बोललो ते खरे होते. पण अर्धे होते. मोडलेल्या हाडाविषयी मी पाऊण तास बोललो आणि ज्या शब्दाविषयी बोलायला हवे होते तो एका वाक्यात उडवून लावला.

चौथ्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. आबा जेवता जेवता पेंगतात, उजव्या पायातली चप्पल निघून जाते तरी त्यांना कळत नाही, हातातून तांब्या निसटतो. घरातील सर्वांचे मत पडले होते की वय झाले. मी त्याच दिवशी पुन्हा स्कॅन करवला. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये डाव्या बाजूला जुने रक्त साचले होते.

हे कसे घडते, ते समजून घ्या. मेंदू आकसला की तो आणि कवटी यांच्यातील जागा वाढते. तिथून जाणाऱ्या बारीक नीला ताणल्या जातात आणि एरवी क्षुल्लक वाटणाऱ्या धक्क्यानेही तुटतात. रक्त इतके हळू झिरपते की पहिल्या दिवशीच्या स्कॅनमध्ये काहीही दिसू नये. जागा मोकळी असल्याने मेंदूवर दाब येईपर्यंत आठवडे लोटतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर धोका अधिक. (म्हणून ती गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका, त्याने दुसरे संकट ओढवते.)

पुण्याला कवटीला दोन छिद्रे पाडून ते रक्त काढण्यात आले. आबा आज काठी टेकत मारुतीपर्यंत जातात. आठवडाभर आणखी उशीर झाला असता तर काय झाले असते, हा विचार मी अनेक रात्री केला आहे.

तुमच्या घरी कोणी वृद्ध डोक्यावर किंवा चेहऱ्यावर पडले असेल, तर ‘हाड मोडलेले नाही’ या वाक्यावर निर्धास्त होऊ नका. वाढत जाणारी डोकेदुखी, अवेळी झोप, ओढत टाकलेले पाऊल, अडखळणारी वाणी, स्वभावात अचानक पडलेला फरक, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि पडल्याची गोष्ट आवर्जून सांगा, ती महिन्यापूर्वीची असली तरी. उलट्या, झटके किंवा शुद्ध हरपणे असेल तर थेट मोठे रुग्णालय. रुग्ण स्वतः सांगेल याची वाट पाहू नका. त्याला बहुधा काहीच झालेले नसते, असे त्याचे म्हणणे असते.

आता मी अशा प्रत्येक अहवालाच्या पाठीमागे पेनाने दोन तारखा लिहून देतो : पडल्याची, आणि तिथून सहा आठवड्यांनंतरची. त्या सूनबाईंनी आबांच्या दोन्ही तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर उतरवल्या होत्या. दुसरी तारीख उलटली तेव्हा त्यांनी दवाखान्यात पेढे आणले.