सांडव्याची जाळी

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. श्रीमंतांच्या क्लबचं, मासेमारी अन् होड्यांसाठी. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या. गाडीरस्त्यासाठी माथा खाली घेतलेला. तळाचे पाइप आधीच काढलेले, म्हणजे पाणी सोडायची सोयच नाही. ३१ मे १८८९, जोरदार पावसात जाळ्यांत काडीकचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं. मातीचा भराव, मग काय टिकतोय! खाली जॉन्सटाउनात २२०० च्या वर माणसं गेली. क्लबला भरपाई द्यावी लागली नाही, हे वेगळंच.

आमच्या ओढ्यावर वरच्या अंगाला एकानं पर्यटनासाठी बांध घातलाय. सांडव्याला माशांची जाळी आहे. खाली वस्तीवर सात घरं. मृगाच्या आधी जाळी काढा म्हणून त्यांना सांगून आलोय. "बघू" म्हणाले. सोमवारी परत जाणार, सोबत वस्तीवरची चार माणसं घेऊन.