पाणी कुठं अडलं होतं

फौजेत दारू न पिणाऱ्या माणसाला दुसरा काहीतरी नाद असावाच लागतो, नाहीतर रविवार खायला उठतो. माझा नाद आगीच्या बंबांचे फोटो काढण्याचा. पोस्टिंग बदलली, ट्रंक लावून झाली की पहिल्याच रविवारी आउटपास घ्यायचा आणि शहरातलं फायर स्टेशन गाठायचं. युनिटमधली पोरं मला मागून ‘दमकल साहब’ म्हणायची. ती मागून म्हणायची आणि मला ऐकू यायचं, असा तो मामला होता.

आमच्याच डेपोत एकाहून एक बंब उभे असायचे. पण तिथं ‘फोटोग्राफी मना है’ची पाटी. ते बंब मी फक्त डोळ्यांनी बघितले. त्यामुळे माझा सगळा संग्रह सिव्हिलमधला. जोधपूर, अंबाला, सिलिगुडी, जिथं गेलो तिथला. एक सांगतो, ओळखपत्र दाखवून, ‘गाडीचा फोटो काढू का’ असं विचारल्यावर मला कुठल्याही फायर स्टेशननं हाकललं नाही. उलट ड्रायव्हर फडकं घेऊन पितळी घंटा पुसायला धावतो. मग मागचं शटर उघडून पंप दाखवतो, मग चहा.

असाच एका ड्रायव्हरनं मला हिशोब शिकवला. साधारण वॉटर टेंडरची टाकी 4500 लिटरची. पंप मिनिटाला 1800 लिटर फेकणारा. म्हणजे पूर्ण जोरात सोडलं तर अडीच मिनिटांत टाकी कोरडी! तोवर मला वाटायचं, बंब म्हणजे चाकावरची पाण्याची टाकी. तसं नाही, बंब म्हणजे मुळात पंप. पोर्तुगीज भाषेत पंपाला ‘बोंबा’ म्हणतात, आपला शब्द तिथूनच आला म्हणतात. पुढचं पाणी हायड्रंटमधून, तळ्यातून, दुसऱ्या गाडीतून यायला हवं, आणि आलेलं पाणी होजमधून शेवटच्या माणसाच्या हातातल्या ब्रांचपर्यंत पोचायला हवं. मधे कुठंही अडलं की पुढचा माणूस आगीसमोर रिकाम्या हातानं उभा.

2011च्या जानेवारीत मी शिलाँगला होतो. तिथल्या स्टेशनवर एक खासी लीडिंग फायरमन होते. खासी लोक पुरुषाला आदरानं ‘बाह’ म्हणतात, तसं मीही त्यांना बाह म्हणायचो. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, “बम्बई? व्हिक्टोरिया डॉक देखा है?” 14 एप्रिल 1944ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला. विझवायला गेलेले 66 अग्निशामक स्फोटांत गेले. म्हणून 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन. हे मला फौजेत फायर ड्रिलच्या वेळी कळलेलं, पण मेघालयातला हा माणूस ‘सिक्स्टी सिक्स’ असं म्हणून क्षणभर थांबला, तेव्हा मला आपल्या गोदीची नव्यानं ओळख झाली.

शिलाँगचा हिवाळा कोरडा. जुनी घरं आसाम पद्धतीची, म्हणजे लाकडाचा सांगाडा, बोरूच्या ताट्यांवर लिंपलेल्या भिंती, वर पत्रा. एक घर पेटलं की शेजारच्याला वेळ लागत नाही. त्या संध्याकाळी मी बाजारातून परत येताना बंबाची घंटा ऐकली आणि मागं पळालो. कॅमेरा खांद्याला होताच. गल्ली म्हणजे दगडी पायऱ्या, बंब खाली रस्त्यावरच थांबलेला. चार होज एकमेकांना जोडून वर चढवलेले. वरचं घर पेटलेलं, पत्रे तापून तडतडत होते. एक म्हातारी कोंग शिलाई मशीन पोटाशी धरून उतरत होती. कुणी घ्यायला गेलं तर देत नव्हती.

मी पायऱ्यांच्या वळणावर जागा धरली. फ्लॅश बंद केला, कारण कपड्यांवरच्या चकाकणाऱ्या पट्ट्या फ्लॅशमध्ये पांढऱ्याफटक होतात आणि माणसाचा चेहरा काळा पडतो. आगीचाच उजेड घ्यायचा. कॅमेरा कमरेजवळ धरून, रुंद लेन्सनं, पायऱ्यांपासून ज्वाळांपर्यंत सगळं घेत होतो. वर बाह ब्रांच धरून उभे. एकाएकी धार मेली. ते मागं वळले आणि ओरडले, “पानी!” पुन्हा ओरडले. खाली पंपाचा आवाज वाढला, पण धार काही येईना. त्यांचा तो वळलेला चेहरा, अर्धा लाल अर्धा काळा, मी भराभर टिपला. मग कुठून तरी एक शाळकरी पोरगा आला, माझ्याजवळ वाकला, आणि वर पाणी सुरू झालं. पोरगा काय करून गेला, हे मी बघितलंसुद्धा नाही.

कुणी दगावलं नाही. दुसऱ्या घराचं छप्पर मात्र गेलं.

रात्री बॅरेकमध्ये लॅपटॉपवर फोटो बघितले. ओरडणाऱ्या बाहंचा फोटो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला होता, अजूनही आहे. त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, दगडी पायरीच्या धारेवर, होज पार मुडपलेला दिसत होता. आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर माझ्या बुटाचं टोक.

फाइलवर वेळ सेकंदासकट असते. मुडपलेला होज दिसणारा पहिला फोटो 6 वाजून 42 मिनिटं 10 सेकंदांचा, शेवटचा 58 सेकंदांचा. अठ्ठेचाळीस सेकंद. युनिटच्या फायर पार्टीत मी स्वतः पोरांना होज अंथरायला शिकवलेला माणूस. छप्पर त्यामुळेच गेलं की तसंही गेलं असतं, हे कुणी सांगू शकत नाही. मी अजूनही दोन्ही बाजूंनी वाद घालतो, बहुतेक रात्री.

खालचा कोपरा कापला की फोटो आणखी उठून दिसत होता. कापलेला एक प्रिंट काढला, न कापलेला एक काढला, आणि पुढच्या रविवारी दोन्ही पाकिटात घालून स्टेशनवर गेलो. दारापर्यंत कुठला द्यायचा ते ठरलेलं नव्हतं. बाहंनी हात पुढं केला तेव्हा मी अख्खा दिला.

त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. बोट सरळ कोपऱ्यावर गेलं. “पानी इधर रुका था,” म्हणाले. बाकीच्यांना हाक मारली, सगळे टेबलाभोवती जमले, त्यांच्या भाषेत बराच वेळ चर्चा झाली. वळणावर एक माणूस उभा करायला हवा होता, एवढं मला समजलं.

मी म्हटलं, “बाह, उधर मैं खड़ा था.”

“मालूम है. आपका जूता है,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

फोटो त्यांनी नव्या भरतीला दाखवायला ठेवून घेतला. मग मला अंगणात नेलं, होजमध्ये पाणी सोडायला लावलं आणि मुद्दाम मुडपून दाखवला. दाबाखाली मोड हातानं उलटा दाबायचा नाही, बोटं जातात. दोन्ही बाजूंनी होज धरून वळण मोठं करायचं, मोड आपोआप सुटतो. माझ्याकडून पाच-सहा वेळा करून घेतलं. सहाव्यांदा पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती, आणि कॅमेरा आत त्यांच्या टेबलावर होता.