रायझा परत भेटली, पण...

‘अ‍ॅटेलिये रायझा 2’ हा 2020चा जपानी गेम. पहिल्या भागातली बेटावरची रायझा तीन वर्षांनी राजधानीत येते, तिथले प्राचीन अवशेष धुंडाळते. यातला किमयेचा भाग भन्नाटच! कढईत पाला, खनिज, पाणी टाकता टाकता एक कृती मध्येच दुसरी होऊन बसते. नव्या कृती हव्यात, तर आधी येतं तेच बनवत राहून गुण कमवायचे. आमच्याकडे नेवऱ्यांचं असंच. कडा दुमडायला हात बसेपर्यंत मम्मी सारणाला हात लावू देत नाही.

कथा मात्र रेंगाळते. अवशेषांत आठवणींचे तुकडे गोळा करा, जोडा, मग पुढे सरका. मला कंटाळा आला.

पण खटकलं ते वेगळंच. जुने मित्र एकेक करून भेटतात आणि थोड्याच वेळात सगळं पूर्वीसारखं! पहिला भाग मी गावातल्या मैत्रिणीसोबत खेळले होते, एकाच कंट्रोलरवर, आळीपाळीने. यंदा नाताळच्या मिस्सेनंतर ती चर्चच्या पायऱ्यांवर भेटली.

‘‘बरी आहेस ना?’’

‘‘हो. तू?’’

मग दोघीही मोबाइल बघत राहिलो. मी दुसरा भाग खेळतेय, एवढंसुद्धा तिला सांगितलं नाही.