दूरचे 'येथे'

परदेशांतील दूरदूरची रेडिओकेंद्रे आपल्या घरातील साध्या संचावर पकडण्याच्या छंदाला मराठीत रूढ नाव नाही. जगभरचे छांदिष्ट त्याला 'डीएक्सिंग' म्हणतात. 'डीएक्स' हे तारायंत्राच्या काळात 'अंतर' या अर्थी वापरले जाणारे आखूड रूप. 'दूरश्रवण' असा शब्द घडवता येईल. पण त्यात ऐकणे आले तरी शोधणे येत नाही, आणि या छंदात शोधण्याचा वेळ ऐकण्याच्या वेळेच्या दसपट असतो. आमच्या घरी या उद्योगाला 'खरखर ऐकणे' म्हणत. व्याख्या म्हणून ती काही वाईट नव्हती.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावरच्या गावात वाढलो. मीडियम वेव्हच्या दूरश्रवणाला याहून अनुकूल जागा शोधूनही सापडणे कठीण. दिवसा या लहरी फार लांब जात नाहीत. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशामुळे 'डी' नावाचा विद्युत्भारित थर तयार होतो आणि तो वर जाणाऱ्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरू लागतो. मग लहरी त्याच्याही वरच्या थरांपर्यंत पोहोचतात, तेथून परततात आणि शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूर उतरतात. वाटेत खारे पाणी असेल तर आणखी बरे. समुद्र विजेचा चांगला वाहक असल्यामुळे तो लहरींची शक्ती जमिनीइतकी खात नाही. आमच्या पडवीसमोर अरबी समुद्र होता आणि त्याच्या पलीकडे ओमान. मधले अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर, आणि जवळजवळ सगळे पाणी. बी.बी.सी.चे १४१३ किलोहर्ट्झवरील प्रक्षेपण, आधी मसिरा बेटावरून आणि नंतर ओमानच्या मुख्य भूमीवरून, हिवाळ्यात असे येई की जणू ते केंद्र पुढच्या तालुक्यात आहे.

या आकड्यांची एक गंमत आहे. १९७८ पासून आशिया, युरोप आणि आफ्रिका येथील मीडियम वेव्हची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली गेली, आणि प्रत्येक केंद्राचा आकडा नवाच्या पाढ्यात येतो. ५४०, १४१३, १५२१, १५६६ : कोणत्याही आकड्यातील अंकांची बेरीज करून पाहावी. जागा मात्र मोजक्या आणि केंद्रे शेकडो, म्हणून एकाच जागेवर अनेकांना बसावे लागते. १५२१ वर औरंगाबादचे (आताच्या छत्रपती संभाजीनगरचे) आकाशवाणी केंद्र होते, एक किलोवॉटचे. त्याच जागेवर, सुमारे चार हजार किलोमीटर दूर, तांबड्या समुद्राच्या काठी सौदी अरेबियाचे दुबा येथील केंद्र दोन हजार किलोवॉटच्या शक्तीने बोलत असे. दोघे एकमेकांवर चढत. पण संचाच्या पोटात जी काळी फेराइटची कांडी असते, तिच्या टोकाच्या दिशेने येणारा आवाज तिला ऐकू येत नाही. कुशीवर येणारा ऐकू येतो. आमच्या गावावरून औरंगाबाद ईशान्येला आणि दुबा वायव्येच्या अंगाला. त्यामुळे संच पाटावर ठेवून थोडा फिरवला की मराठी क्षीण होत जाई आणि तिच्या खालून अरबी वर येई. मराठी आवाज मुद्दाम घालवून परका आवाज मिळवणे हे मराठीच्या प्राध्यापकाला शोभते का, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने मला विचारला होता. प्रश्न योग्यच होता.

खरखरीतून वर येणारी अनोळखी भाषा आपण कशी ओळखतो? भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. प्रथम शब्द येत नाहीत. येतो तो सूर, वाक्याचा चढउतार आणि आघातांची चाल. मग काही ठळक ध्वनी : अरबीचे घशातून येणारे व्यंजन, रशियनचे मृदू झालेले उच्चार. श्रीलंकेचे केंद्र लागले की सिंहली ही आपल्याच आर्यभाषांच्या कुळातली असल्याचे जाणवते, पण ख, घ, थ, ध यांतला हकार तिने कधीच गाळून टाकलेला. तेहरानची फारसी आणि ताजिकिस्तानची फारसी यांतला फरक तर एका स्वरावरून कळतो. आपण ज्याला 'किताब' आणि 'जबान' म्हणतो, त्याला ताजिक निवेदक 'कितोब' आणि 'ज़बोन' म्हणतो. शब्द कळू लागतात ते यानंतर, आणि सर्वांत शेवटी कळतात ती विशेषनामे. सामान्य वाक्यातला बुडालेला शब्द आपण संदर्भाने भरून काढतो. भाषेत तेवढी पुनरुक्ती असतेच. नावाला मात्र संदर्भाचा आधार नसतो. आणि केंद्र ओळखायचे तर नेमके त्याचे नावच ऐकू यावे लागते. तासाच्या ठोक्याला निवेदक नाव सांगतो, त्याच क्षणी लाट ओसरते. हा अनुभव इतका नियमित आहे की त्यामागे कोणाचा तरी खट्याळपणा असावा असे वाटते.

अरबीत दोन निराळे 'ह' आहेत, हे मला विद्यापीठात कळले नाही. ते शेजारच्या चाचीने शिकवले. चाची कोकणी मुसलमान. घरात बोलायची ती आमच्यासारखीच कोकणी वळणाची मराठी. कुराण तिला पूर्ण वाचता येई, अर्थ मात्र लागत नसे. पण उच्चार तिने लहानपणी छडी खाऊन गिरवले होते, आणि एक 'ह' श्वासाचा तर दुसरा घसा आवळून काढायचा, हे ती पडवीत बसून मला करून दाखवी. पुढे ध्वनिविज्ञानाच्या तासाला 'ग्रसनीय घर्षक' हा शब्द फळ्यावर आला, तेव्हा मला चाचीचा गळा आठवला.

चाचा कुवेतला नोकरीला होते. आमच्या किनारपट्टीवर ही गोष्ट नवलाची नव्हती. प्रत्येक वाडीतले कोणी ना कोणी आखातात होतेच. पत्र यायला पंधरा-वीस दिवस लागत. माझा छंद चाचीला ठाऊक झाल्यावर ती रात्री जेवणे आटोपली की येई आणि म्हणे, "लाव रे ते कुवेत." डायलच्या डाव्या टोकाजवळ ते सापडे. बातमीपत्राला अरबीत 'नश्रतुल अख़बार' म्हणतात. त्यातला 'अख़बार' म्हणजे 'ख़बर'चे अनेकवचन. तेवढा एक शब्द चाचीला कळे आणि ती मान हलवी, जणू बातमी पोहोचली. पण ती खरी थांबे अजानीसाठी. आपल्याकडची इशाची नमाज होऊन तास-दीड तास उलटला की रेडिओवर तिकडची इशाची अजान येई. पृथ्वी गोल आहे आणि रात्र पश्चिमेकडे सरकत जाते, हे मी भूगोलात शिकलो होतो. ती सरकताना ऐकली मात्र त्या पडवीत. "त्यांच्या कानावर पण आता हेच पडत असेल," चाची म्हणे, आणि पदर सारखा करून घरी जाई.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. मी तेव्हा रत्नागिरीला शिकत होतो. शनिवारी गावी आलो, तर चाची आमच्या पडवीत आधीच येऊन बसलेली होती. बी.बी.सी.च्या हिंदी बातम्या आम्ही ऐकल्या. बातम्या कळत होत्या, पण त्यांत चाचा नव्हते. मग ती म्हणाली, "आता कुवेत लाव."

लागले नाही. ऑगस्टचा महिना म्हणजे मीडियम वेव्हच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत वाईट काळ. रात्री आखूड, आणि शंभर कोसांवर कोठेही वीज चमकली तरी तिचा कडकडाट संचात उमटतो. त्या जागेवर नुसती खरखर होती, मध्येच एखादा फटाका. मी संच फिरवला, तार खिडकीबाहेर लांबवली, काटा केसाइतका पुढेमागे केला. दूरश्रवणाच्या छंदात शांततेला दोन अर्थ असतात : केंद्र बोलत नाही, किंवा ते बोलत आहे आणि आपल्यापर्यंत येत नाही. संचासमोर बसून या दोहोंतला फरक करता येत नाही. त्याला कोणताही उपाय नाही. एरवी मी अशा रात्रीची नोंदवहीत 'ऐकू आले नाही' एवढी नोंद करून झोपत असे. त्या रात्री चाचीला काय सांगावे हे मला सुचेना. मी पावसाचे कारण सांगितले. ते खरेही होते. तिने ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या रात्री ती पुन्हा आली. असे कितीतरी आठवडे चालले. शनिवार-रविवार मी, आणि इतर दिवशी माझी धाकटी बहीण काटा फिरवी. तिला या छंदाचा मनस्वी कंटाळा होता, पण त्या महिन्यांत तिने एकदाही तक्रार केली नाही.

कुवेतमधून लाखाहून अधिक भारतीय त्या पावसाळ्यात परत आले. बगदादमार्गे जॉर्डनच्या अम्मानपर्यंत रस्त्याने, आणि तेथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला. चाचा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आले, एका पिशवीनिशी. वाळलेले होते, पण धड होते. गावजेवणासारखी गर्दी जमली. कोणीतरी त्यांना चाचीच्या रेडिओची गोष्ट सांगितली, तेव्हा ते हसू लागले. त्यांच्या खोलीत सहा माणसे राहत आणि रेडिओ होता एका मलबारी सोबत्याचा. त्याला फक्त मल्याळम गाणी हवी असत. कुवेतचे केंद्र त्या खोलीत वर्षानुवर्षे कोणी लावलेच नव्हते. चाचीही हसली. पुढे वर्षभराने चाचा दुबईला गेले, तर ती एका संध्याकाळी येऊन म्हणाली, "दुबई लागते का रे?"

मी या प्रसंगाकडे नंतर भाषाविज्ञानाच्या अंगानेही पाहिले आहे. 'मी', 'तू', 'येथे', 'आता' या शब्दांना स्वतःचा ठरावीक अर्थ नसतो. बोलणारा जेथे उभा असतो तेथून त्यांना अर्थ मिळतो. समोरासमोरच्या संभाषणात दोघांचे 'येथे' एकच असते. रेडिओने ही व्यवस्था मोडली. बी.बी.सी.ची अरबी सेवा ३ जानेवारी १९३८ रोजी सुरू झाली आणि तिची ओळख ठरली ती 'हुना लंदन' या दोन शब्दांनी : 'येथे लंडन'. क्रियापद नाही, अरबीला येथे त्याची गरज नसते. तेहरान म्हणते 'इंजा तेहरान अस्त', म्हणजे 'येथे तेहरान आहे'. मॉस्कोची रीत निराळी, 'गवरीत मस्क्वा', म्हणजे 'बोलते मॉस्को'. तेथे शहरच कर्ता होते. आपले 'यह आकाशवाणी है' मात्र जागाच सांगत नाही, आणि आकाशातून येणाऱ्या वाणीला ते साजेसे आहे. यांतला 'हुना' किंवा 'इंजा' उच्चारला जातो तिकडे आणि ऐकला जातो इकडे. चाचीच्या दृष्टीने त्या 'हुना'त चाचा उभे होते. ते तिथे ऐकत नव्हते, याने त्या शब्दाचा अर्थ बदलत नाही; ती जागा अजून बोलते आहे, एवढेच तिला रोज रात्री तपासून पाहायचे होते.

मराठीही अशी दूरून आलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात बी.बी.सी. लंडनहून मराठीत कार्यक्रम प्रक्षेपित करी. कोल्हापूर भागातून गेलेल्या वेणू चितळे तेथे जॉर्ज ऑर्वेल यांच्याबरोबर काम करीत. आणि उलट दिशेने पाहिले तर नागपूरच्या १५६६ किलोहर्ट्झवरील हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ पासून रात्रभर चाले, आणि तिचा आवाज उत्तर युरोपातल्या छांदिष्टांनी वारंवार पकडलेला आहे. फिनलंडच्या उत्तर टोकाला, जेथे हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, तेथे हे लोक बर्फाळ रानातून जवळजवळ किलोमीटरभर तारा ओढून बसतात. ऐकलेल्या गोष्टींचा तपशील लिहून ते केंद्राकडे पाठवतात. आवाजाची शक्ती, अडथळा, गोंगाट, लहरींची स्थिती आणि एकूण गुण, असे पाच आकडे त्यात असतात. उत्तरादाखल केंद्राचे पुष्टिपत्र आले की ते जपून ठेवतात. नागपूरच्या मध्यरात्रीचा निवेदक आपल्याला तिकडे कोणी ऐकत असेल अशी कल्पना करीत असेल का?

आता ही केंद्रे एकेक करून मिटत आहेत. बी.बी.सी.ची हिंदी लघुलहरी सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी थांबली, अरबी रेडिओ २७ जानेवारी २०२३ रोजी. जी उरली आहेत त्यांच्यावर शहरातल्या एल.ई.डी. दिव्यांचा आणि मोबाइल चार्जरचा गुरगुराट पसरलेला असतो. इंटरनेटवर कुवेत आता कोणत्याही क्षणी, स्वच्छ, पावसाळ्यातही लागते. त्यात मला गैर काही दिसत नाही. १९९० मध्ये ते असते तर चाचीचे ते महिने कमी कठीण गेले असते. पण मोबाइलवर लागलेल्या केंद्राला अंतर नसते, एवढे खरे.

गावी गेलो की मी अजून पहाटे पाच वाजता संच घेऊन पडवीत बसतो, शक्यतो डिसेंबरात. त्या वेळी उजेड पूर्वेकडून येतो आणि केंद्रे त्याच क्रमाने विझतात. प्रथम श्रीलंका जाते. मग इकडची एकेक. समुद्रापलीकडे अजून काळोख असतो, त्यामुळे अरबी आवाज आपल्याकडे सूर्य वर आल्यावरही दहा-पंधरा मिनिटे तग धरून राहतात. पातळ होतात, पुन्हा एकदा चढतात, मग वाक्याच्या मध्येच जातात. तिकडे तो निवेदक अंधारात बोलतच असतो. इकडे नळाला पाणी आलेले असते.