पलंग उभा करा रे!

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात आजी, आई-वडील, काका, आम्ही भावंडं आणि गावाहून नोकरी शोधायला आलेलं कुणी ना कुणी. दिवसाचं घर वेगळं, रात्रीचं वेगळं. सकाळी नळाला पाणी आलं की दारादारांतून एकच हाक यायची, "पलंग उभा करा रे!"

आधी नुसत्या वळकट्या होत्या. सतरंजी, वाकळ, गोधडी गुंडाळून भिंतीशी रचायची, वर धुतलेली चादर घातली की झाली पाहुण्याची बैठक. मग दाराआड उभी राहणारी, लोखंडी नळ्यांची फोल्डिंग खाट आली. सांध्यांत ढेकूण ठरलेले. रविवारी तिला गॅलरीत उन्हं दाखवायची, सांध्यांत रॉकेल सोडायचं, सैल झालेली नवार पुन्हा ताणायची. ताणायला दोघं लागत, सल्ला द्यायला अख्खा मजला.

आणि मग कुणाच्या हाती बोनस आला की कपाटाचा पलंग. अमेरिकेत मर्फी नावाच्या गृहस्थानं १९१०च्या दशकात अशा पलंगाचं पेटंट घेतलं होतं म्हणे. आमच्याकडे तो नाक्यावरच्या सुतारानं केला. खाली दणकट बिजागऱ्या, वर कडी-कोयंडा, गादी धरायला पट्टे. गादी पातळच हवी, नाहीतर कडी लागत नसे. उशा पोटमाळ्यावर. उभ्या पलंगाच्या पाठीला सनमायका आणि त्यावर कालनिर्णय. त्यामुळे रात्री कुणाला चतुर्थी कधी ते बघायचं झालं, की बॅटरी घेऊन पलंगाखाली शिरायचं.

दिवसा पलंग खाली दिसला की शेजारीण दारातूनच हळू बोले. कुणी तापानं फणफणलेलं असे, नाहीतर रात्रपाळीचा माणूस नुकता निजलेला. मग आमचा अभ्यास जिन्यात, आईची निवडटिपण गॅलरीत, आणि स्टोव्हला पंपसुद्धा बेतानं. त्या झोपेची अख्खी चाळ राखण करी.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पाळी गेली, दिवसा निजायचं कारणच गेलं. आमच्या मजल्यावरचे बाप पहाटे सगळ्यांच्या आधी उठून एकट्यानं पलंग उचलू लागले. मदतीला गेलं तर "असू दे" म्हणत. तेवढं एक काम त्यांच्या हातात उरलं होतं, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

आता त्याच जागी ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. निजायची खोली, तिला स्वतःचं दार, पलंग दिवसभर अंथरलेला. आमच्या आयांना हे मिळायला हवं होतं. तरी सुनांनो, लेकींनो, हॉलच्या भिंतीत एक उभा पलंग करून घ्याच. आता तो पिस्टनवर एका हातानं उचलला जातो. उद्या गावाहून कुणाचं पोरगं मुलाखतीला येईल, त्याला चार महिने तरी राहावं लागेल.