थोरल्या भावाच्या कानी आलेले संगीत

आध्यात्मिक जागृती हे शब्द उच्चारले की दिमिष्काच्या वाटेवरील संत पौल डोळ्यांसमोर उभा राहतो. आकाशातून लखलखणारा प्रकाश, जमिनीवर कोसळलेला प्रवासी आणि त्याला नावाने हाक मारणारा आवाज! असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. आपल्यासारख्या संसारी माणसांची जागृती आमच्या बांद्याच्या तेरेखोल नदीला चढणाऱ्या भरतीसारखी असते. पाणी चढताना दिसत नाही. मघाशी कोरडा असलेला दगड आता पाण्याखाली गेला आहे, एवढेच काय ते ध्यानात येते.

आमच्या घरात सायंकाळचा क्रम वर्षानुवर्षे ठरलेला होता. दिवेलागणीला तेर्स, मग लदीन आणि ती संपली की रेडिओ. माझ्या पत्नीला दोन्ही सारखीच प्रिय. रविवारच्या मिस्सेत ती गायकवृंदात उभी राहत असे आणि सोमवारी सकाळी चुलीपुढे विविध भारतीवरील जुन्या चित्रपटगीतांना साथ देत असे. दोन्हीकडचा तिचा स्वर एकच होता. देवासाठी वेगळा आणि भाकरीसाठी वेगळा, असे तिने कधी केले नाही. त्या काळी मला यात विशेष काही वाटत नसे. सुखाच्या दिवसांत माणूस अशा गोष्टींकडे निरखून पाहत नाही.

काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात ती देवाघरी गेली. आमच्याकडच्या जुन्या रीतीप्रमाणे घराने वर्षभर दुःख पाळले. रेडिओ बंद झाला, टीव्हीवर चादर पडली, लग्नाकार्याला जाणे थांबले. तेर्स मात्र एक दिवसही चुकला नाही. ओठ हलत होते, मणी पुढे सरकत होते. अंतःकरण मात्र कोरड्या विहिरीसारखे होते. बादली सोडावी आणि तळाच्या खडकावर ती आपटल्याचा आवाज यावा, तशी ती प्रार्थना असे.

कबुलीच्या वेळी एका वृद्ध फादरांना मी हे सांगितले. त्यांनी उपदेश केला नाही. रात्री निजण्यापूर्वी दहा मिनिटे विवेकबुद्धीची तपासणी करावी, एवढेच सुचवले. ही संत इग्नेशियस लोयोला यांची रीत. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला तिसरे पोप पौल यांनी १५४८ साली मान्यता दिली. रीत अगदी साधी आहे. प्रथम दिवसाबद्दल आभार मानायचे, मग प्रकाश मागायचा, सकाळपासूनचे तास क्रमाने आठवायचे, जिथे आपण उणे पडलो तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी एखादा निश्चय करायचा. पहिले काही महिने आठवण्याजोगे काही सापडत नसे. “आज जेवलो, आज पाऊस पडला,” इथेच माझी तपासणी संपत असे. तरीही दहा मिनिटे बसायचे, हा नेम मी सोडला नाही.

या रीतीचा उगम ज्या घटनेत आहे ती मला फार बोलकी वाटते. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस यांचा पाय मोडला आणि लोयोलाच्या वाड्यात ते महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळले. त्यांना शूर सरदारांच्या अद्भुत कथा वाचायच्या होत्या. घरात ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे तेवढी होती. मग कधी ते पराक्रमाची आणि एका थोर स्त्रीची स्वप्ने रंगवीत, तर कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही स्वप्ने रंगवताना सारखाच आनंद होई. पहिले ओसरल्यावर मन कोरडे, उदास होई. दुसरे ओसरल्यावरही प्रसन्नता मागे राही. एवढ्याशा निरीक्षणातून त्यांची विवेकाची सारी शिकवण पुढे वाढली. आनंद देणारी वस्तू समोर असताना तिची पारख होत नाही. ती निघून गेल्यावर मागे काय उरते, यावरून होते.

वर्ष सरता सरता माझ्या तपासणीत एक बदल झाला. दिवस आठवताना मला आवाज आठवू लागले. पहाटे महामार्गावरून गोव्याकडे जाणारे ट्रक, कौलांवरून ओघळणारी पागोळी, शेजारच्या घरातील घासलेट स्टोव्हचा फरफराट. आपल्या मुंबईतच १९३१ साली जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांचे ‘साधना’ हे पुस्तक १९७८ साली निघाले. त्यातील सुरुवातीच्या प्रयोगांत आजूबाजूचे आवाज, दूरचे आणि जवळचे, नावे न ठेवता नुसते ऐकण्याचा एक प्रयोग आहे. पुढे १९९८ साली त्यांच्या काही मतांबद्दल रोमने श्रद्धावंतांना सावध केले, हेही सांगायला हवे. परंतु नुसते ऐकणे हेही प्रार्थनेचे दार होऊ शकते, ही गोष्ट मला त्या मुक्या वर्षाने पटवली. घरात गाणे नव्हते, म्हणून कान रिकामा होता. आणि रिकाम्या कानाला हळूहळू ऐकू येऊ लागले.

वर्षश्राद्धाची मिस्सा झाली. रीत संपली, मुलांनी टीव्हीवरची चादर काढली. तरी रेडिओच्या बटणाकडे माझा हात जाईना. ज्या गाण्यांवर तिचा जीव होता ती तिच्यामागे आपण सुखाने ऐकायची, हे मनाला कसेसेच वाटे. चतुर्थीच्या दिवसांत शेजारी भजन रंगले होते. शेजारचा मुलगा कुंपणाशी येऊन म्हणाला, “मास्तरांनू, आवाज जास्त होता काय? बारीक करू?” मी म्हटले, “नाय रे, चालू दी.” तो गेला आणि मी अंगणातच उभा राहिलो. पखवाजाचे बोल अंधारातून येत होते.

अशा वेळी मला लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला आठवला. आपण धाकट्याविषयी पुष्कळ बोलतो. थोरला मात्र नेमाने शेतात राबणारा, आज्ञा न मोडणारा साधक आहे. तो घराजवळ येतो तेव्हा त्याच्या कानी प्रथम काय पडते? वादन आणि नृत्य. आणि तो आत जायला तयार होत नाही. ज्याचा नेम चुकला नाही, तोच बापाच्या घराबाहेर उभा! नेम हा घरापर्यंत आणून सोडणारा रस्ता आहे, घर नव्हे, हे मला त्या अंगणात कळले.

त्यानंतर मी रेडिओ लावला. एक जुने गीत लागले. तिच्या आवाजाची जागा त्यात रिकामी होती आणि डोळे वाहू लागले. रात्री तपासणीला बसलो तेव्हा स्वतःला विचारले : मागे काय उरले? कोरडेपणा नव्हता. कृतज्ञता होती. कित्येक महिन्यांनी त्या रात्री “आभार” हा शब्द ओठांवर आपणहून आला.

पुढे मला असेही वाटू लागले की ही दोन जगे आपण समजतो तितकी दूर नाहीत. गोव्याच्या चर्चांशी जोडलेल्या संगीतशाळांत कित्येक मुले स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकली आणि मोठेपणी मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत बसली. १९२७ साली माजोर्ड्याला जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच. त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये गायनमास्तर होते. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात याच गुरूचे नाव आहे. चुलीपुढे माझी पत्नी ज्या व्हायोलिनांना साथ देत असे, त्यांतील काही हात मिस्सेतच तयार झाले होते.

चित्रपटांचेही तसेच. सिनेमाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची एक यादी काढली. तिचे धर्म, मूल्ये आणि कला असे तीन भाग होते. ‘गांधी’, ‘बायसिकल थीव्ह्ज’ हे मूल्यांत. चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ कलेत. याचा अर्थ पडद्यावरचे सारेच पावन, असा नव्हे. काही चित्रपट पाहून आल्यावर रात्री मन खरोखरच कोरडे असते. ते मी पुन्हा पाहत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात ‘दशावतार’ हा मराठी चित्रपट आला. दिलीप प्रभावळकरांनी त्यात आमच्या मुलखातील एक वृद्ध दशावतारी कलावंत उभा केला आहे. नातीबरोबर तो पाहिला आणि परतताना तिला खऱ्या दशावताराविषयी सांगत आलो. जत्रेतील त्या रात्रभराच्या खेळाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, संवाद रंगमंचावरच सुचतात. “पाठ न करता कसे सुचते?” तिने विचारले. मी म्हटले, “बाय, वीस-तीस वर्षे दर रात्री उभे राहिल्यावर सुचते.” सांगता सांगता वाटले, प्रार्थनेचेही याहून वेगळे काय आहे?

वाचकहो, मला कुठलाही लखलखाट दिसलेला नाही. रोजची दहा मिनिटे आहेत, तेर्स आहे आणि त्यानंतरचा रेडिओ आहे. यंदाच्या तिच्या पुण्यस्मरणाच्या मिस्सेनंतर सोयरेधायरे घरी जेवायला जमले, तेव्हा तो मीच लावला. वयोवृद्ध आत्या ओसरीवर बसल्या होत्या, शेजारचा मुलगाही आला होता. आवाज बारीक करायला कोणी उठले नाही.